थंडीची पहाट आणि लँडस्केप फोटोग्राफी: गोव्यातल्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली, पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटू लागली, की मला हे प्रश्न येऊ लागतात. गेली काही वर्षं थंडीच्या दिवसांत मी नव्याने शिकणाऱ्या चार-पाच जणांना घेऊन पहाटे बाहेर पडते, बहुतेक वेळा मांडवीतल्या चोडण बेटावर. तिथे फेरीबोटीत, बांधावर आणि परतताना चहाच्या गाड्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

गोव्यात थंडी असते तरी कुठे?

पणजीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास असतो. सत्तरी, धारबांदोडा, सांगे अशा आतल्या तालुक्यांत तो आणखी खाली उतरतो. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. तिथे उजाडायच्या आधी वाऱ्यात उभं राहिलात, तर कानटोपी का आणली नाही असं नक्की वाटेल.

पण आपल्याला थंडी हवी असते ती धुक्यासाठी आणि दहिवरासाठी, त्याला एवढा गारवा पुरतो. बर्फाळ देशांतल्या छायाचित्रकारांचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. थंडीने बॅटरी लवकर उतरते, ती खिशात उबेला ठेवा, हा सल्ला तिथला आहे. आपल्याकडे १८-२० अंशांत बॅटरीला काही होत नाही. आपला शत्रू दमटपणा, आणि त्याची काळजी वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. पुढे त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

किती वाजता पोचायला हवं?

जानेवारीत गोव्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. जागेवर सहाला, फार तर सव्वासहाला उभे असा. साडेसहाच्या सुमारास आभाळ निळं-जांभळं होऊ लागतं, आणि पुष्कळदा त्या दिवसाचा सगळ्यात सुंदर प्रकाश तोच असतो, सूर्य वर यायच्या आधीचा.

घाई करा असं मी का सांगते, त्यालाही कारण आहे. गोवा विषुववृत्तापासून जेमतेम १५ अंश उत्तरेला आहे. इथे सूर्य क्षितिजावरून तिरपा रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ वर चढतो. युरोपातल्या हिवाळी व्हिडिओत सोनेरी प्रकाश तासन् तास टिकतो, आपल्याला मिळतो तो साधारण अर्धा तास. त्यात ट्रायपॉडचे पाय उघडणं, लेन्स शोधणं, सेटिंग आठवणं असं सुरू केलंत, तर ऊन पांढरं पडलेलं दिसेल. ही सगळी कामं अंधारातच उरकायची.

आणखी एक. थंडीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. डिसेंबरअखेरीस तो दक्षिणेकडे चांगला २३-२४ अंश सरकलेला असतो. मे महिन्यात हेरून ठेवलेली चौकट जानेवारीत जुळत नाही, ती यामुळे.

आपला समुद्र तर पश्चिमेला. मग पहाटे किनाऱ्यावर काय मिळणार?

सूर्योदय पाण्यावर मिळणार नाही, हे खरं. पण सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि किनाऱ्यावर प्रकाश माडांच्या शेंड्यांवरून उतरत येतो. आधी लाटेचा दूरचा माथा उजळतो, मग होड्या, मग वाळू. थंडीत पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पाणी शांत असतं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ते रूप जातं. बाणावली-कोलव्याच्या पट्ट्यात होड्या आणि रापणीचं जाळं ओढणारी माणसं दिसली, तर सोन्याहून पिवळं.

सूर्योदयच हवा असेल, तर नदीकडे वळा. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणच्या फेरीत चढा आणि मांडवीच्या वरच्या अंगाला तोंड करून उभे राहा. उजाडणारं आभाळ थेट समोर, खाली त्याचंच पाणी. पणजीहून रायबंदरला जाणारा जुना बांधरस्ता, पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात बांधलेला, तोही तीनेक किलोमीटर मिठागरं आणि खारफुटीच्या कडेने जातो.

सुरुवात कुठून करू? गोव्यातल्या दहा चांगल्या जागा सांगाल का?

दहा सांगणार नाही. एक निवडा, आणि ती घरापासून अर्ध्या तासाच्या आत असू द्या. या संपूर्ण लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

मी शिकले ते चोडणच्या एका बांधावर. पहिल्या हिवाळ्यात तिथे सोळा वेळा गेले. पहिल्या चार वेळांचे फोटो आज बघितले तर सगळे सारखेच: पाणी, माड, आभाळ. पाचव्या वेळी लक्षात आलं की एक आंब्याचं झाड धुक्यात इतरांपेक्षा उशिरा दिसायला लागतं, कारण ते ओढ्याच्या खोलगट जागेपलीकडे आहे आणि धुकं तिथे साचून राहतं. सातव्या वेळी कळलं की अष्टमीच्या पहाटे खाडी काठोकाठ भरलेली असते आणि अमावास्येला तिथेच चिखल असतो. कुठल्याही नव्या जागेवर पहिल्या दिवशी हे दिसत नाही. दर रविवारी नवी जागा गाठणारा दर रविवारी पहिलाच दिवस जगतो.

चोडण यासाठी चांगलं, कारण फेरीतून उतरलं की डाव्या-उजव्या हाताला खारफुटी, पुढे खाजन, मध्ये बांध. खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. पावसाळ्यातलं भात निघालं की पुष्कळ खाजनांत खारं पाणी आत घेऊन मासळी धरतात. म्हणून थंडीत ही शेतं आरशासारखी असतात.

फोंडा-डिचोलीकडच्यांनी एवढं लांब यायची गरज नाही. नार्वे, मये, सत्तरीतले वायंगणी (हिवाळी भाताचे) मळे जवळ आहेत. वायंगणाची लावणी झाली की चिखलपाण्यात हिरव्या रेघा उमटतात, त्यांच्यासारखी चौकट रचायला शिकवणारी शाळा नाही. तिसवाडीतल्यांना करमळीचं तळं आहे, थंडीत तिथे पाहुणे पक्षीही असतात.

धुकं पडणार की नाही, हे आदल्या रात्री कसं ओळखायचं?

रात्री दहाला अंगणात या. चांदण्या लख्ख दिसत असतील, माडाची झावळी हलत नसेल आणि स्कूटरच्या सीटवरून हात फिरवल्यावर ओला होत असेल, तर गजर लावून झोपा.

निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने वर सोडून देते. तिला टेकलेली ओलसर हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात, ते धुकं. ढग असले तर ते पांघरुणाचं काम करतात, जमीन पुरेशी गार होत नाही. वारा असला तर वरची कोरडी हवा मिसळते. म्हणून धुकं पहिलं धरतं ते नदीकाठी, भातशेतीत, तळ्यावर. डोंगरमाथ्यावर उभं राहून ते खाली दिसतं, पण त्यासाठी माथा धुक्याच्या वर हवा.

एक चूक बहुतेक जण करतात. पावणेसातला धुकं पातळ दिसतं म्हणून परत फिरतात. धुकं पुष्कळदा सूर्य उगवताना आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात सर्वांत दाट होतं. साडेआठपर्यंत थांबा. उन्हाच्या तिरिपी झाडांमधून धुक्यात उतरतात, ती वेळ विरत्या धुक्याची असते.

नुसत्या फोनवर शिकता येईल का?

येईल. चौकट, प्रकाशाची दिशा, वाट बघणं, हे सगळं फोनवर तितकंच शिकता येतं. फक्त नाइट मोड बंद ठेवा, तो पहाटेची दुपार करतो आणि धुक्याचा पोत पुसून टाकतो. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, प्रो मोड असेल तर रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा, आणि डिजिटल झूमऐवजी चार पावलं पुढे जा. लेन्स आधी पुसा. खिशातल्या फोनवर तेलकट बोटांचे ठसे असतात आणि सूर्याकडे धरलं की सगळ्या फोटोवर साय धरते.

कॅमेऱ्यासाठी कोणती लेन्स आणि ट्रायपॉड घेऊ?

कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स पहिल्या वर्षाला पुरते. पुढे घ्यायचीच झाली, तर लँडस्केप म्हणजे वाइड अँगल हे डोक्यातून काढून एखादी लांब पल्ल्याची झूम बघा. धुक्यात वाइड लेन्स रिकामी करडी जागा फार देते. लांब लेन्सने मात्र माडांच्या रांगा एकामागे एक येतात. जवळची रांग काळी, मधली राखाडी, शेवटची जेमतेम असल्यासारखी, कारण जितकं अंतर जास्त तितकं मधलं धुकं जास्त.

ट्रायपॉडवर पैसे घालवा. हलका पण डगमगणारा घेण्यापेक्षा थोडा जड बरा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. खाऱ्या चिखलात उभा केला असेल, तर घरी येऊन पाय गोड्या पाण्याने धुवा. त्याचे सांधे मिठाने धरतात.

लेन्सवर वाफ धरते. काय करू?

हा प्रश्न मी स्वतः रडकुंडीला येऊन विचारला होता. ऑक्टोबर होता, माझी पहिलीच ठरवून काढलेली पहाट. कॅमेरा रात्रभर एसीच्या खोलीत ठेवला होता. चोडणला उतरून बॅग उघडली आणि काच दुधासारखी पांढरी झाली. ओढणीने पुसली, पुन्हा पांढरी. पुन्हा पुसली. पुसता पुसता काचेवर बारीक चरे उठले, आणि समोर खाडीवर केशरी पट्टा उमटून विरूनही गेला. त्या दिवशीचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

होतं असं: गार काचेला बाहेरची दमट हवा लागली की बाष्प तिच्यावर बसतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवेत बाष्प भरपूर, तेव्हा हे हमखास घडतं. सामान रात्री एसी नसलेल्या खोलीत ठेवा. ते जमलं नाही, तर बॅग बंद ठेवूनच बाहेर अर्धा तास राहू द्या. काच बाहेरच्या हवेइतकी उबदार झाली की वाफ धरत नाही.

जानेवारीत प्रकार निराळा. तेव्हा काच उघड्या आभाळाखाली तासभर राहून स्वतःच गार होते आणि तिच्यावर दव पडतं, गवतावर पडतं तसंच. दोन फोटोंच्या मध्ये झाकण लावा, लेन्स वर आभाळाकडे रोखून ठेवू नका, हूड चढवा, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावताना श्वास बाजूला सोडा. चोर्ल्याच्या गारव्यातून उतरून दहाच्या सुमाराला किनारपट्टीवर आलात, तरी लगेच बॅग उघडू नका. लेन्स बदलणं तर अजिबात नको, वाफ आत सेन्सरवर बसली की पुसताही येत नाही. पुसायला मायक्रोफायबरचं कापड, अलगद.

धुक्यातले माझे फोटो मळकट करडे येतात. डोळ्यांना तर पांढरंशुभ्र दिसत होतं.

कॅमेरा समोरच्या प्रत्येक दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू बघतो. धुकं पांढरं असल्याने तो घाबरून प्रकाश कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) अधिक ०.७ ते अधिक १ करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघा. आलेखातला डोंगर उजवीकडे झुकलेला, पण कडेला न चिकटलेला हवा.

रंगाचंही तसंच. ऑटो व्हाइट बॅलन्स पहाटेचा निळेपणा आणि उन्हाची ऊब दोन्ही दोष समजून पुसतो. डेलाइटवर, म्हणजे साधारण ५२०० केल्व्हिनवर ठेवा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ किंवा एफ ११, ट्रायपॉडवर शटर कितीही हळू चालेल. एफ २२वर जाऊ नका, तिथे प्रकाश बारीक छिद्रातून वळतो आणि तपशील मऊ पडतो.

फोकस लागतच नाही, लेन्स नुसती मागेपुढे फिरते.

धुक्यात तिला पकडायला कडा सापडत नाही. जवळच्या झाडाच्या बुंध्यावर किंवा बांधाच्या कडेवर लावा, नाहीतर लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने लावा. लागला की मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात लावू नका.

आकाश पांढरं फटक आणि जमीन काळी येते.

तीन फोटो घ्या, पहिला बरोबर, दुसरा दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि घरी एकत्र करा. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरून गडद, खाली स्वच्छ काच) असेल तर तोही चालतो, पण क्षितिजावर माड असले की त्यांचे शेंडे अर्धे काळे होतात. मला तर पुष्कळदा जमीन काळीच ठेवावीशी वाटते. माडाची आकृती काळी असणं हा दोष नाही.

भरती-ओहोटीचं गणित कसं जमवायचं?

कोकणपट्टीतला जुना हिशेब आहे: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमेला अकराच्या पुढे, म्हणजे पहाटे ओहोटी. हा ढोबळ हिशेब, जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून मुरगावच्या भरतीचं कोष्टक बघून पक्कं करा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याने त्याच जागी त्याच वेळी गेलात, तर भरतीच्या जागी ओहोटी सापडेल. एकाच जागेचा कंटाळा का येत नाही, ते यावरून कळावं.

चौकटीत समोर काय ठेवू? माझे फोटो रिकामे वाटतात.

खाली बघा. आभाळाच्या नादात पायाखालचं राहून जातं. बांधावरच्या गवतात कोळ्यांची जाळी असतात, एरवी दिसत नाहीत. पहाटे दहिवर पडलं की एकेका धाग्यावर थेंबांची ओळ लागते आणि सूर्य त्यांच्यामागून आला की मिनिटभर प्रत्येक थेंब पेटतो. गुडघ्यावर बसून लेन्स गवताच्या उंचीवर आणा, मागे खाजन आणि माड आपोआप येतात.

किंवा मानस बघा. बांधात पाणी सोडण्याची लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटतात, कुणी हात न लावता. एकदा मी ओहोटी लागताना तिथे बसले होते. काळ्या पडलेल्या फळ्या, त्यांवर शिंपल्यांचे खडबडीत थर, तोंडाला बांधलेलं जाळं. आधी फटीतून पाण्याची बारीक रेघ आली, मग दार कुरकुरलं, मग फेस सुटून खाडीत लांबवर पांढरी वळणं काढत गेला. अर्धा सेकंद शटर ठेवलं की ती वळणं रेशमासारखी येतात. शेकडो वर्षांची ही व्यवस्था आहे, पाणी कसं हलतं ते समजलं तर फोटोही बरा येतो.

शेतात शिरताना काय पाळायचं?

हे मला कळकळीने सांगायचं आहे. बांध म्हणजे वाट नव्हे, ती त्या गावाची तटबंदी आहे. नुकता चिखल थापलेल्या बांधावर पाय पडला की तो खचतो, आणि खारं पाणी आत शिरलं तर जमीन नासते. दोन वर्षांमागे सत्तरीत एका वायंगणी मळ्यात प्रतिबिंबाच्या नादात कुणी लावणीत उतरून गेलं होतं. बुटांचे ठसे आणि आडवी झालेली रोपं. मळ्यातली काकी एक अक्षर बोलली नाही, वाकून एकेक रोप पुन्हा खोवत राहिली. तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी आधी विचारायला लावते: 'काका, हांगां उबो रावूं?' (इथे उभा राहू का?) एवढंच पुरतं. फोटो घेतला तर पुढच्या खेपेला त्याची प्रत द्या, आणि निघताना 'देव बरें करूं' म्हणा, कोकणीतले आभार.

मिठागरातही तेच. वाफ्यांची जमीन तुडवून तुडवून गुळगुळीत केलेली असते, तिच्यावर बूट नकोत.

अंधारात एकटं जाणं बरं का? मी मुलगी आहे, घरचे सोडत नाहीत.

पहिले काही महिने सोबत घेऊन जा, मीही तसंच केलं. जागा दिवसाउजेडी पाहून ठेवा, तिथल्या दोन घरांशी ओळख करा, घरी नेमका ठावठिकाणा सांगून ठेवा. कपाळावर बांधायची विजेरी हवी, दोन्ही हात मोकळे राहतात. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तेव्हा त्या बाजूला अंधारात पाण्याच्या कडेला बसू नका. दुर्भाट भागात पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून पुजतात, माणगे थापणी. तिथल्या लोकांनी तिला मान दिला आहे, आपणही अंतर राखावं. चोर्ल्याच्या वाटेवर गवे आडवे येतात, गाडी सावकाश चालवा.

तांबडी सुर्ला, दूधसागर पहाटे जमेल का?

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंबकालीन, काळ्या बसाल्टचं आणि पूर्वाभिमुख. पण पूर्वेला सह्याद्री उभा असल्याने ऊन उशिरा उतरतं, त्यामुळे मऊ प्रकाश जास्त वेळ टिकतो. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडसाठी आधी परवानगी विचारा. दूधसागर पहाटेसाठी नव्हे. तो अभयारण्यात आहे आणि कुळ्याच्या जीपा दिवस वर आल्यावर निघतात.

ड्रोन उडवू का?

दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, मोपालाही विमानतळ आहे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा बघितल्याशिवाय नाही, आणि पक्षी अभयारण्यावर कधीच नाही.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते ती कशी टाळू?

चामड्याच्या पिशवीत, कपाटाच्या तळाशी ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. जेलचा रंग बदलला की पुन्हा सुकवा. पंधरवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. मी एकदा वापरलेली लेन्स विजेरी न मारता विकत घेतली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी निघाली. घेण्याआधी मागून विजेरी मारून बघा.

येत्या रविवारी जायचं आहे. रात्री काय करून ठेवू?

बॅटरी भरा, कार्ड रिकामं करा, बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा. आयएसओ १००, एफ ८, डेलाइट आणि रॉ आताच लावून ठेवा. पहिल्या फेरीची वेळ संध्याकाळी धक्क्यावर विचारून घ्या. स्वेटर, मागाहून काढता येईल असा. जुने बूट, चिखलात जाणार आहेत. थर्मासमध्ये चहा. पाव नेऊ नका. साडेसातला पोदेराचा भोंगा वाजतो आणि सायकलवरच्या टोपलीतला पाव अजून गरम असतो.